कॅज्युअल्टीतील तिसरी लेखणी

वाकोल्यातून जाणाऱ्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर अपघात झाला, की जमलेली माणसे जखमीला रिक्षात घालून सांताक्रूझ पूर्वेतील व्ही. एन. देसाई या महापालिकेच्या रुग्णालयाकडे धाव घेतात. अशा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, त्या एका देहाभोवती तीन लेखण्या चालू लागतात: केसपेपरावर डॉक्टरांची, नोंदवहीत पोलीस अंमलदाराची, आणि परिचारिकेची. पैकी पहिल्या दोघींना दफ्तरात आरंभापासून मानाचे स्थान लाभले. तिसरीला मात्र ते मिळण्यास पुष्कळ काळ लागला.

मुंबईत 1845 साली सर जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालय सुरू झाले, तेव्हा शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली परिचारिका इंग्लंडातही दुर्मीळच होती. पुढे 1872 च्या पुरावा कायद्याने बत्तिसाव्या कलमात मरणोन्मुख माणसाच्या जबाबास न्यायालयात ग्राह्य ठरविले, आणि घायाळाच्या खाटेशी होणाऱ्या लेखनाला इलाजापलीकडचे वजन आले. कोणी मारले, कोठे मारले, हे लिहून घेणारे सरकार अशा रीतीने तेथे आधीच हजर होते. रात्रभर नाडी कशी चालली, हे लिहिणारे कोणी नव्हते.

ती उणीव भरून निघाली, त्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आग्रह जितका कारण झाला, तितकाच तापमापकही झाला, असे मला वाटते. बाईंनी 1860 मध्ये लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे रुग्णालयांसाठी एकसारख्या तक्त्यांची योजना मांडली; परंतु तोवरचा फूटभर लांबीचा तापमापक रुग्णाच्या काखेत वीस मिनिटे धरावा लागे. 1860 च्या दशकात डॉक्टर ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप सांगणारा तापमापक प्रचारात आणला, 1868 साली डॉक्टर वुण्डरलिख यांचा ज्वरमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ताप, नाडी व श्वास यांचा तक्ता भरण्याचे काम हळूहळू परिचारिकेकडे आले. जे. जे. मध्ये 1891 साली शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव सांगितले जाते. 1935 च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या सहीला कायद्याचा आधार मिळाला.

परंतु वॉर्डाची रीत कॅज्युअल्टीत चालत नाही. वॉर्डात खाट ठरलेली, तिच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला, सकाळ-संध्याकाळ त्यात आकडे भरावयाचे. येथे रुग्ण ट्रॉलीवर असतो, ट्रॉली कधी एक्स-रेकडे, कधी शस्त्रक्रियागृहाकडे निघते, आणि सिस्टरचे दोन्ही हात बहुधा गुंतलेले असतात. म्हणून तिची पहिली नोंद कागदावर होईलच असे नाही. सलाईन किती वाजता लावले, हे बाटलीवरच्या चिकटपट्टीवर लिहिले जाते. इंजेक्शनची वेळ तळहातावर, हातमोज्याच्या पाकिटावर, जे हाती येईल त्यावर टिपली जाते, आणि उसंत मिळाली म्हणजे रिपोर्ट बुकात उतरते. अशा टिपणास कोणी गबाळेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. केसपेपरात निदान सापडते, पोलिसाच्या वहीत नाव-गाव सापडते, पण कोणत्या मिनिटाला काय केले, याचा क्रम बहुतेक या तिसऱ्या लेखणीतूनच लागतो.

1989 साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आधी प्राण वाचवावेत, पोलिसी सोपस्कार मागाहून करावेत. त्या याचिकेमागे होता एक स्कूटरस्वार: पहिल्या रुग्णालयाने वैद्यकीय-न्यायिक प्रकरणे घेण्याचा अधिकार नसल्याचे सांगून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूर धाडले होते, आणि तो वाटेतच मरण पावला. या निकालाने लेखण्यांचा क्रमच उलटला, आणि घायाळाविषयीची पहिली लेखी खूण पुष्कळदा परिचारिकेची ठरू लागली.

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यांतला एक खार-सांताक्रूझच्या दरम्यान होता. अशा प्रसंगी ‘अज्ञात पुरुष, वय अंदाजे’ एवढीच नोंद असलेल्या माणसाच्या मनगटावर परिचारिकेने बांधलेली पट्टीच त्याची ओळख ठरते.

आता तक्त्याच्या जागी संगणक येत आहे. त्याने अक्षर सुवाच्य केले हे खरे, पण तो स्वतः जी वेळ उमटवितो ती नोंद भरल्याची असते, औषध दिल्याची नव्हे. या दोन वेळांत अर्ध्या तासाचे अंतर पडले, तर उलटतपासणीत वकील नेमके त्यावर बोट ठेवतो; म्हणून जाणती सिस्टर औषध दिल्याची वेळ स्वतंत्रपणे लिहिते, आणि त्यासाठी अजूनही चिकटपट्टीचाच आधार घेते.