दुचाकी, डोकं आणि डॉक्टर : हेल्मेटची शंभर वर्षांची गोष्ट

संध्याकाळच्या गर्दीत रस्ता ओलांडायला उभे राहून बघा. सायलेन्सर बदललेली एखादी बाईक फटाके फोडल्यासारखा आवाज करत जाते. सिग्नल लाल असला तरी दोघं-तिघं डावीकडच्या फटीतून पुढे घुसतात. कोणी फुटपाथवरच गाडी चढवतो. "आजकालची मुलं!" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण हा प्रश्न आजकालचा नाही. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यात डॉक्टरांचा संबंध अगदी सुरुवातीपासून आहे.

लाखेची टोपी

इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचं शर्यतीचं मैदान होतं. तिथले वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांच्याकडे डोक्याला मार लागलेले मोटारसायकलस्वार वरचेवर येत. त्यांनी जाड कापडावर लाख चढवून एक कडक टोपी तयार करून घेतली. 1914 मध्ये आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत ती वापरात आली. स्पर्धकांना ती फारशी आवडली नव्हती. पुढची पंचवीस वर्षं हेल्मेट म्हणजे शर्यतवाल्यांची वस्तू, असाच समज राहिला. रस्त्यावरचा साधा चालक उघड्या डोक्यानेच फिरत होता.

13 मे 1935

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स हे वेगाचे वेडे होते. ब्रफ सुपीरियर या त्या काळच्या अतिशय महागड्या आणि ताकदवान मोटारसायकली त्यांनी एकामागून एक अशा सात वापरल्या. 13 मे 1935 रोजी डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळच्या रस्त्याने ते परतत होते. रस्त्याला खोलगट उतार होता, त्यामुळे पुढचं दिसत नव्हतं. समोर सायकलवर दोन मुलं होती. त्यांना चुकवायला जाताना लॉरेन्स यांचा ताबा सुटला आणि ते गाडीवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मुलं वाचली. लॉरेन्स मात्र सहा दिवस बेशुद्ध राहून 19 मे रोजी वयाच्या 46 व्या वर्षी गेले.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. जन्माने ऑस्ट्रेलियन, आणि अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली तयार झालेले. पुढे ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले. मार लागलेल्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून फार थोडं साधतं, खरं काम मार लागण्याआधीच करायला हवं, या दिशेने त्यांचं पुढचं संशोधन गेलं.

आकडे काय सांगत होते?

दुसरं महायुद्ध सुरू झालं. लष्कराचे निरोप घेऊन शेकडो जवान मोटारसायकलवर धावू लागले. रात्री दिवे बंद, रस्ते काळोखे. 1941 मध्ये केर्न्स यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख लिहिला. युद्धाआधीच्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 1,884 मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक दगावले होते. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत हा आकडा 2,279 झाला, म्हणजे 21 टक्के वाढ. आणि तीही पेट्रोलवर रेशनिंग असताना!

हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात सापडले. सातही जण वाचले होते. सात हा आकडा लहानच, पण त्यावरून दिशा कळत होती. नोव्हेंबर 1941 मध्ये लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचं केलं. केर्न्स यांनी मृत्यूंची नोंद ठेवणं चालू ठेवलं आणि 1946 मध्ये दाखवून दिलं की त्या हुकुमानंतर मृत्यू स्पष्टपणे घटले.

हेल्मेट नेमकं काय करतं?

आपला मेंदू साधारण मऊ लोण्यासारखा असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. गाडी थांबते, डोकं जमिनीवर आपटून थांबतं, पण आतला मेंदू पुढे जातच राहतो. तो कवटीवर आदळतो. शिवाय डोकं झटक्यात गरकन फिरलं तर मेंदूतले नाजूक तंतू ताणले जातात आणि तुटतात. हे गरकन फिरणं किती घातक असतं, ते केर्न्स यांचे सहकारी आणि भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी 1943 मध्ये मांडलं. म्हणूनच बाहेर जखम नसतानाही माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा थर असतो, तो स्वतः चिरडतो आणि थांबण्याचा वेळ काही क्षणांनी वाढवतो. तो थर नसलेली प्लास्टिकची टोपी पोलिसांना दाखवण्यापुरतीच. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, त्याचं कारणही हेच. आतला थर एकदाच चिरडतो. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो.

पुरावा होता, कायदा उशिरा आला

केर्न्स 1952 मध्ये गेले. ब्रिटनमध्ये सर्वांना हेल्मेट सक्तीचं झालं ते 1973 मध्ये, म्हणजे त्या लेखानंतर 32 वर्षांनी. विरोध तिकडेही झाला. आपल्याकडे पुण्यातली हेल्मेटसक्तीविरोधी आंदोलनं तुम्हाला आठवत असतील. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, ही कारणं मी रोज ऐकतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल 1981 मध्ये आला. हेल्मेटमुळे मानेची इजा वाढल्याचं त्यात आढळलं नाही. आणखी एक गोष्ट त्यात होती. अपघातात सापडलेल्या 92 टक्के चालकांनी गाडी चालवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेलंच नव्हतं. मित्राकडून किंवा घरच्यांकडून शिकलेले. आपली परिस्थिती यापेक्षा वेगळी आहे का?

भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 हेल्मेट बंधनकारक करतं. तरीही 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण रस्त्यावर मेले. त्यांतले 14,337 जण मागे बसलेले होते.

हेल्मेट जे करू शकत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. हेल्मेट चालकाचं डोकं वाचवतं. रस्ता ओलांडणाऱ्या आजींच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. लॉरेन्स यांच्या समोरची मुलं थोडक्यात वाचली, दरवेळी तसं होत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद मोबाईलकडे पाहिलं, तर गाडी 33 मीटर न बघता पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात एखादं मूल रस्त्यावर येऊ शकतं.

म्हणून एवढं करा :

• आयएसआय शिक्का असलेलं, मापाचं हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं.
• मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. चार वर्षांवरील मुलांनाही.
• वळणावर, चढाच्या टोकाशी आणि शाळेजवळ, पुढचं दिसत नसेल तर वेग आधीच कमी करा.
• अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.
• अपघातग्रस्ताचं हेल्मेट ओढून काढू नका. मानेला इजा असू शकते. मान हलू न देता 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.
• डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं तर लगेच रुग्णालय गाठा. "आत्ता बरा आहे" यावर विसंबू नका. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही लक्षात येतो.

तुमच्या घरात दुचाकी चालवणारं कोणी तरुण असेल, तर हा लेख आज त्याला किंवा तिला वाचायला द्या. आणि उद्या सकाळी तुम्ही स्वतः हेल्मेटचा पट्टा लावून बाहेर पडा. मुलं आपलं ऐकत नाहीत, पण आपल्याकडे बघत असतात.