हेल्स गेटची मोजपट्टी
नदीच्या पातळ्या वाचण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या कथेत मला आधी दिसते ती मोजपट्टी, मासे नंतर.

हेल्स गेटला ही अवाढव्य नदी जेमतेम 35 मीटर रुंद कातळफटीत घुसते. 1913 मध्ये रेल्वेमार्ग खोदणाऱ्यांनी फोडलेला दगड बिनदिक्कत पात्रात लोटला. फेब्रुवारी 1914 मध्ये दरडही कोसळली. अंडी घालायला समुद्रातून वर निघालेले सॉकाय सामन खालीच अडकून मेले. तिथल्या मूळ रहिवाशांनी टोपल्यांतून मासे उचलून वरच्या पाण्यात सोडले.

दगड उपसला, सरकारला वाटलं मिटलं. मासे काही पूर्वीसारखे परतेनात. 1937 मध्ये कॅनडा-अमेरिकेचा संयुक्त आयोग आला. आयोगाच्या विल्यम थॉम्पसन यांच्या माणसांनी 1938 पासून मासे पकडून, बिल्ले लावून सोडले. कुठला मासा कधी वर पोहोचला, हे त्यांनी पाणीपातळीशेजारी मांडलं. निष्कर्ष असा, की ठरावीक पातळ्यांदरम्यान प्रवाहापुढे माशाचं काही चालत नाही. पातळी बदलली की वाट मोकळी. म्हणजे निम्मं उत्तर मोजपट्टीवरच होतं!

त्या पातळ्यांनाही मासे वर जावेत म्हणून 1945-46 मध्ये काठाला काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले. 1947 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम रिकर यांनी आयोगाच्या निष्कर्षावर हरकत घेतली: बिल्ला लावताना दमलेल्या माशावरून सगळ्यांचा अंदाज कसा बांधता? हरकत रास्तच होती. माझ्या मते असा खोडा घालणारा प्रत्येक प्रकल्पात हवा, आणि तोही बांधकामाआधी.

2019 मध्ये वरच्या अंगाला बिग बारपाशी पुन्हा दरड आढळली. या खेपेला मासे हेलिकॉप्टरने न्यावे लागले.