मुक्काम कुठे करायचा, ते सूर्याला विचारा



शाळेच्या सहलीतून नान्नजच्या माळरानावर जाऊन आल्यापासून माझ्या लेकीला जंगलाचं वेड लागलंय. माळढोक काही तिला दिसला नाही, पण काळविटांचा कळप दिसला आणि तेवढं पुरलं. दिवाळीतच तिनं वहीत तीन नावं लिहिली: मेळघाट, पेंच, ताडोबा. नाताळच्या सुट्टीत गाडीनं जायचं ठरलं. यजमानांनी मोबाइलवर किलोमीटर मोजले आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी थेट नागपूर. पहाटे निघालो तरी वाटेत थांबत थांबत रात्री आठ-नऊ वाजतील, पण एक दिवस वाचेल."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घरी थांबते."

त्या असं का म्हणाल्या ते मला माहीत होतं. आईंचा रात्री चारी आहारांचा त्याग आहे, लग्न होऊन या घरात आल्यापासून. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. मागच्या वर्षीच्या सहलीत आम्ही घाटात अडकलो. ज्या हॉटेलनं पाच वाजता साधं जेवण देतो म्हणून सांगितलं होतं, त्यांचं स्वयंपाकघरच सातला सुरू झालं. आई काही न घेता झोपल्या. सकाळी त्यांना चक्कर आली. त्यांनी तक्रार केली नाही, कुणाला दोष दिला नाही. आता मात्र त्या स्वतःलाच यादीतून वगळत होत्या, आणि आम्ही कुणी पटकन "नाही, तुम्ही यायचंच" असं म्हणालो नाही. ते मला फार लागलं.

रात्री मनात आलं, आपली माणसं शेकडो वर्षं हाच नियम पाळून यात्रा करत आली. गाडी नव्हती, मोबाइल नव्हता. मग ती मुक्काम कुठे करायची, आणि कसा ठरवायची? पुढचे काही दिवस मी घरातल्या जुन्या माणसांना विचारलं, मंदिरातली जुनी पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

पूर्वी यात्रेला एकटंदुकटं कुणी जात नसे, संघ निघे. संघाचा खर्च आणि जबाबदारी उचलणारा तो संघपती. संघवी, संगई, सिंघई ही आडनावं त्यातूनच आली. घरात कुणीतरी कधीकाळी संघ नेला होता, याची ती खूण. संघपतीचं मोठं काम म्हणजे मुक्काम ठरवणं. बैलगाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जाते. पण तेवढं अंतर झालं म्हणून थांबायचं, असं नव्हतं. विहिरीचं गोडं पाणी हवं, कारण पाणी गाळायचं आणि गाळणीतली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. दर्शनाला मंदिर असलं तर उत्तम. आणि दिवस मावळायच्या आत चूल पेटून, जेवणं होऊन, विझलीही पाहिजे. म्हणजे गाड्या दुपार कलतानाच सोडायच्या.

शिधासुद्धा दिवसांवर बांधलेला. पिठाची मर्यादा आपण सगळ्या जाणतो: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. घरून नेलेलं पीठ संपायच्या किंवा मर्यादा ओलांडायच्या आत जिथे जातं मिळेल, अशा गावी पोचायलाच हवं. यात्रा हिवाळ्यात का निघत, याचं एक उत्तर आपल्या पिठाच्या डब्यात आहे!

मुक्काम ठरलेला नसला की काय होतं, तेही एका जैन श्रावकानंच लिहून ठेवलंय. कविवर बनारसीदासांनी १६४१ साली 'अर्धकथानक' लिहिलं, स्वतःच्या आयुष्याची कथा. तरुणपणी ते माल घेऊन आग्र्याकडे निघाले होते. इटाव्याजवळ पावसानं गाठलं. सराईत जागा नाही. सोबत्यांबरोबर चिखलात अनवाणी दारोदार फिरले. एका बाईला दया आली, तर तिचा नवरा बांबू घेऊन उठला. शेवटी पहारेकऱ्यांच्या झोपडीत आसरा मिळाला, तोही खाटेखाली. वर खाटेवर दुसराच माणूस झोपलेला. आत्मचिंतन करणारा एवढा मोठा कवी, पण ती रात्र तो विसरला नाही.

याच्या उलट चित्र आपल्या विदर्भातलं. सतराव्या शतकात शीलविजय नावाचे श्वेतांबर साधू दक्षिणेच्या यात्रेला आले होते. त्यांनी आपल्या 'तीर्थमाले'त कारंज्याच्या भोज संघवींचं कौतुक केलंय. हे घराणं दिगंबर बघेरवाल. उन्हाळ्यात वाटसरूंना थंड पाणी पाजण्याची त्यांची रीत साधूंच्या मनात राहिली. पंथ वेगळा, पण वाटेवर पाणी देणाऱ्याचं नाव त्यांनी ग्रंथात नोंदवलं.

मग रेल्वे आली. १८६० साली ती सोलापूरला पोचली. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली. आपल्याकडच्या लोकांना कुंथलगिरीला जायला तीन-चार मुक्काम लागत, ते आता बार्शीपर्यंत रेल्वे आणि पुढे बैलगाडी असं आटोपशीर झालं. पण रेल्वेला सूर्यास्त कळत नाही. ती रात्री-अपरात्री उतरवणार. म्हणून मोठ्या शहरांत आणि क्षेत्रांवर धर्मशाळांची गरज वाढली. मुंबईची हिराबाग धर्मशाळा शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी बांधली, ती याच काळात. १९०२ साली तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. १९१४ साली दिगंबर जैन डिरेक्टरी निघाली. कुठल्या गावात आपली किती घरं, मंदिर आहे की नाही, याची त्यात नोंद होती. आज आपण मोबाइलवर 'जवळचं जैन भोजन' शोधतो. तेव्हा माणसांनी गावोगावची माहिती गोळा करून तेच काम जाड पुस्तकात केलं.

आमच्या घरातली गोष्ट १९५५ सालची. आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. १४ ऑगस्टपासून १८ सप्टेंबरपर्यंत, छत्तीस दिवस. ऐन चातुर्मास, यात्रेचे दिवस नव्हेत, तरी लोकांची रीघ लागली. आमच्या आजेसासूबाईही गेल्या होत्या. आई सांगतात, त्यांच्या तोंडी महाराजांच्या दर्शनाइतकीच एका अनोळखी घराची आठवण असे. बार्शीच्या पुढे चिखलात गाडी रुतली, दिवस कलला. वाटेवरच्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं, जी जैन नव्हती, यांची घाई ओळखून स्वतःची चूल रिकामी करून दिली. "आधी तुमचं होऊ द्या बाई, आमचं काय, रात्री बी चालतं." आजेसासूबाईंना त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, याची हळहळ शेवटपर्यंत होती.

हे सगळं वाचून-ऐकून झालं, तरी आमच्या सहलीचा गुंता सुटला नव्हता. तो सुटला एका सकाळी. आई नेहमीप्रमाणे निर्वाणकांड म्हणत होत्या. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. अचलपूरच्या ईशान्येला मेंढागिरीच्या शिखरावर साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले, हे मी लहानपणापासून हजारदा ऐकलंय. त्या दिवशी लाटणं थांबलं. अचलपूर म्हणजे परतवाड्याच्या शेजारचं. मेंढागिरी म्हणजे मुक्तागिरी. आणि परतवाड्यावरूनच तर मेळघाटात, चिखलदऱ्याला रस्ता चढतो! आपण रोज म्हणतो त्या पाठात दिशेसकट नकाशा होता आणि मी तो कधी नकाशा म्हणून ऐकलाच नव्हता.

मग लेकीला बसवलं. तिच्या तीन जंगलांच्या शेजारी आईंनी तीन नावं सांगितली. मेळघाटाच्या पायथ्याला मुक्तागिरी, डोंगरात बावन्न मंदिरं आणि धबधबा. पेंचच्या दक्षिणेला रामटेक, भगवान शांतिनाथांचं क्षेत्र, जिथे आचार्य विद्यासागर महाराजांचे अनेक चातुर्मास झाले. ताडोबाच्या पश्चिमेला भद्रावती, पार्श्वनाथांचं श्वेतांबर तीर्थ. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पेंच १९७५ साली. पण त्या रानांच्या कडेला यात्रेकरूंची वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून. पाणी, डोंगर, एकांत जिथे, तिथेच आपली क्षेत्रं आणि तिथेच जंगल टिकलं. ताडोबाचा गाभाही पावसाळ्यात बंद असतो, हे ऐकून आई हसल्या. "म्हणजे वाघसुद्धा चातुर्मास करतो म्हणा की."

सोलापूर ते मुक्तागिरी एका दिवसात झेपणारं नव्हतं, म्हणून पहिला मुक्काम कारंजा. भट्टारकांच्या गाद्या, जुने ग्रंथभांडार, आणि १९१८ साली सुरू झालेलं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल. ते सुरू करणारे ब्रह्मचारी देवचंद, म्हणजे पुढचे समंतभद्र महाराज, आपल्याच करमाळ्याचे. आईंना माहेरच्या गावी जावं तसं वाटलं.

आता वेळेचं गणित. इथे मी स्वतः चुकणार होते. आपल्याकडे डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मी तेच धरून बसले होते. पण रामटेक आपल्याहून पूर्वेला आणि उत्तरेला. पूर्वेकडे एका रेखांशाला चार मिनिटं आधी सूर्य मावळतो, आणि हिवाळ्यात उत्तरेकडे दिवसही लहान. तिथे सूर्यास्त साडेपाचनंतर पाच-सात मिनिटांतच. त्याआधीच्या दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं सोडली, तर पाचच्या आत जेवण उरकायला हवं. म्हणून नियम केला: रोज तीन वाजता गाडी मुक्कामाला. जंगलाची फेरी फक्त सकाळची, कारण दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. आणि सगळ्या धर्मशाळांना आधी फोन करून जेवणाची नेमकी वेळ विचारली.

यजमान म्हणाले, "दोन दिवस जास्त लागतील." लेक म्हणाली, "मग आजी पण येईल ना?" विषय तिथेच संपला.

तरी एक दिवस फसला. परतवाड्याहून रामटेकला येताना नागपूरच्या वाहतुकीत दीड तास गेला. चार वाजले, रामटेक अजून लांब. तेव्हा डबा कामी आला. सकाळी केलेल्या दशम्या, त्याच दिवशी संपवायच्या. त्याशिवाय ओलावा नसलेलं, टिकणारं सामान: आपली सोलापुरी कडक भाकरी, खाकरे, बिनलसणाची शेंगाचटणी, भाजलेलं पीठ. रस्त्याकडेच्या एका झाडाखाली सतरंजी टाकली. आईंनी गाळलेलं पाणी घेतलं, णमोकार म्हटला आणि शांतपणे जेवल्या. पलीकडे एक ट्रकवाले काका चहा करत होते. त्यांनी आपणहून स्टोव्ह विझवून विचारलं, "माताजी, गरम पाणी पाहिजे का?" मला १९५५ सालची ती चूल आठवली. या वेळी मी नाव विचारून घेतलं. आईंच्या वहीत ते आता आहे.

वाघ आम्हाला दिसला नाही. ताडोबात सकाळच्या धुक्यात रानगव्यांचा कळप दिसला. आई त्या थंडीत शालीत गुंडाळून उपाशीपोटी बसल्या होत्या, दहानंतर परतल्यावर जेवायचं म्हणून. लेकीच्या कानात म्हणाल्या, "बघ, हे पण दिवस मावळला की मुक्कामाला जात असतील." मुक्तागिरीच्या पायऱ्या मात्र त्या आमच्या आधी चढल्या.

मैत्रिणींनो, आपला नियम प्रवासाच्या आड येतो असं मला वाटत होतं. खरं तर मुक्काम ही गोष्टच आपल्या माणसांनी त्या नियमाभोवती रचली होती: पाणी, सूर्य आणि संघातलं सगळ्यात थकलेलं माणूस. किलोमीटर नंतर. तुमच्या घरातही कुणी "मी घरीच थांबते" असं म्हणत असेल, तर त्यांना समजावण्यात वेळ घालवू नका. नकाशा घ्या, त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांनाच विचारा, मुक्काम कुठे करूया?