काहिलीपासून ‘म्हादेई’पर्यंत

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. येथून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि वाटेत सह्याद्रीची भिंत आहे. शिडाच्या नावेतून महासागर ओलांडणाऱ्यांच्या गोष्टी या भागातील वर्गात सांगायच्या त्या निव्वळ साहसकथा म्हणून, असे कोणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. या गोष्टींत नाव उलटते का, उलटली तर पुन्हा सरळ होते का आणि माणूस पाण्यात पडला तर त्याचे काय होते, हे प्रश्न आहेत. ते प्रश्न भीमेच्या पाण्यालाही लागू आहेत.

दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांमुळे काहील येथल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीची. उसाचा रस आटवण्याची ही पसरट, उथळ कढई नदीकाठच्या गावांतून पलीकडे जाण्यासाठीही वापरली गेली आहे. काहिलीत बसलेला माणूस थोडा एका बाजूला सरकला, तर ती किंचित कलते आणि थांबते. याचे कारण तिची रुंदी. कललेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, पाण्याचा वर लोटणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि काहिलीला पुन्हा सपाट करतो. पण काठ एकदा पाण्याखाली गेला की पाणी आत येते आणि मग सावरायला काहीही उरत नाही.  पालथी झालेली काहील आपण होऊन उताणी होत नाही.

महासागरात जाणाऱ्या शिडाच्या नावेची रचना याच्या उलट असते. तिच्या तळाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंखा लावलेला असतो, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने नाव जितकी आडवी होईल तितके ते वजन बाजूला व वर उचलले जाते आणि तरफेप्रमाणे तिला उभी करू पाहते. खाली पाडली तरी उठून बसणारी बाहुली मुलांनी पाहिलेली असते, तत्त्व तेच. एका रिकाम्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटलीखाली मोठा नटबोल्ट टांगावा, शेजारी एक पसरट ताटली तरंगत ठेवावी आणि दोन्ही बोटाने कलवून पाहाव्यात. दहा मिनिटांच्या या प्रयोगात पुढची सारी हकिगत सामावलेली आहे.

या हकिगतीची सुरुवात मुंबईपासून करता येते. 1960 च्या दशकात कुलाब्याच्या एका कारखान्यात ‘सुहेली’ नावाची 32 फुटी सागवानी नाव बांधली गेली. तिचे मालक, ब्रिटिश व्यापारी जहाजावरील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 14 जून 1968 रोजी तिच्यातून इंग्लंडहून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. असे करणारे ते पहिलेच. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारे हे एकटे. ‘सुहेली’ सर्वांत वेगवान मुळीच नव्हती. तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी समुद्रात उतरून पाण्याखाली तांब्याची पट्टी ठोकली. टाक्यांतले गोडे पाणी नासले, तेव्हा शिडावर पडणारे पावसाचे पाणी गोळा केले. रेडिओ बंद पडला, नाव आपोआप दिशेवर ठेवणारे यंत्र मोडले. नाव मुंबईत त्यांच्या डोळ्यांसमोर बांधली गेली होती आणि तिच्यातूनच ते इंग्लंडला गेले होते, त्यामुळे तिचा सांधा न् सांधा त्यांना ठाऊक होता. आमच्या मते त्यांच्या यशात धाडसापेक्षा याचा वाटा मोठा.

पुढची दहा वर्षे नावा हलक्या, रुंद आणि वेगवान होत गेल्या. त्याची किंमत ऑगस्ट 1979 मध्ये कळली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत येण्याची ही शर्यत. 303 नावा निघाल्या आणि 13-14 ऑगस्टच्या रात्री वादळात सापडल्या. शर्यत पूर्ण केली केवळ 86 नावांनी, आणि 15 खलाशी मृत्युमुखी पडले. चौकशीत जे आढळले ते शिक्षकांनी अवश्य सांगावे असे आहे. 24 नावांवरील माणसे नाव सोडून गेली होती. त्यांपैकी बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या 19 नावा वादळानंतर रिकाम्या तरंगत सापडल्या. नाव सोडून रबरी तराफ्यात उतरलेल्यांपैकी काही जण मात्र वाचले नाहीत. तेव्हापासून खलाशांना शिकवले जाते की तराफ्यात जायचे ते वर चढून, म्हणजे नाव पायाखालून पाण्यात जाऊ लागल्यावरच. घाबरलेल्या माणसाला नवी, कोरडी वस्तू सुरक्षित वाटते. पण मोठी, जड आणि वरून दिसू शकणारी नाव ही तराफ्यापेक्षा बहुधा भरवशाची असते.

दुसरा निष्कर्ष काहिलीचाच. काही रुंद व हलक्या नावा मोठ्या फुटणाऱ्या लाटेने पालथ्या झाल्या आणि तशाच राहिल्या, लगेच सरळ झाल्या नाहीत. पुढे संशोधकांनी टाकीत लहान प्रतिकृती ठेवून, त्यांच्यावर लाटा फोडून पाहिल्या. नुसती उंच लाट नाव उलटवत नाही. नाव तिच्यावरून तरंगत वर जाते आणि खाली येते. उलटवते ती फुटणारी लाट, तीही नाव तिला आडवी असताना. म्हणून वादळात लाटेला कूस द्यायची नाही, नाळ किंवा पाठ द्यायची.

शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय हे भूदलाच्या इंजिनिअर दलाचे अधिकारी. ‘तृष्णा’ या नावेतून ते 28 सप्टेंबर 1985 रोजी मुंबईहून निघाले व 10 जानेवारी 1987 रोजी परतले. या दलाचे महाविद्यालय पुण्याजवळ दापोडीला मुळेच्या काठी आहे, आणि मुळेचे पाणी शेवटी भीमेलाच मिळते. ‘तृष्णा’ची नाव परदेशातून आणलेली होती. भारतीयाने, भारतात बांधलेल्या नावेतून, एकट्याने प्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. दौंडहून बारामती ओलांडून नीरेपलीकडे गेले की फलटण तालुका लागतो. तेथील विंचुर्णी या गावी निवृत्तीनंतर आवटी राहत असत. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. भारतीय नौकानयनातील ही मोठी कल्पना अशा दुष्काळी माळावर जोपासली गेली, याची आम्हाला गंमत वाटते.

नौदलातील पाणबुड्या अधिकारी दिलीप दोंदे यांनी ही जबाबदारी घेतली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, डच आराखड्यावरून 56 फुटी ‘म्हादेई’ बांधण्यात आली. फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलाकडे आली. दोंदे बांधणीच्या काळात कारखान्यात होते, आणि इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेही शिकले. 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांना थांबून मे 2010 मध्ये परतले. त्याच नावेतून अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे त्याच आराखड्याची ‘तारिणी’ बांधली गेली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा त्यांनी ठरलेला मार्ग सोडून मॉरिशस गाठले. घर इतके जवळ आल्यावर थांबण्याचा निर्णय घेणे सोपे नसते. तो घेतला म्हणून बातमी लहान राहिली. 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी याच नावेतून प्रदक्षिणा केली.

सर्व तयारी असूनही अपघात होतोच. सप्टेंबर 2018 मध्ये टॉमी एका शर्यतीत ‘थुरिया’ या लहान नावेतून दक्षिण हिंदी महासागरात होते. ही नाव ‘सुहेली’च्याच आराखड्यावरून गोव्यात बांधलेली. 21 सप्टेंबरच्या वादळात ती उलटली, पुन्हा सरळ झाली, पण डोलकाठ्या गेल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. कीलने आपले काम केले होते. माणूस आत होता आणि नाव तरंगत होती. उपग्रहाला संदेश देणाऱ्या यंत्रामुळे त्यांचे ठिकाण जगाला ठाऊक होते, भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांची नाव पाहिली. तरीही फ्रेंच मत्स्यगस्ती जहाज ‘ओसिरिस’ तेथे पोहोचले ते 24 सप्टेंबरला. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून ते ठिकाण तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर होते. ठिकाण कळणे आणि मदत पोहोचणे यांत तीन दिवसांचे अंतर पडले, ते कोणत्याही यंत्राने कमी झाले नसते. शस्त्रक्रियेनंतर टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.

महासागरी खलाशी सर्वांत अधिक कशाला भीत असतील तर नावेतून पडण्याला. सहा नॉट म्हणजे ताशी अकरा किलोमीटर, सायकलचाच वेग. या वेगाने नाव मिनिटाला 185 मीटर जाते. शाळेच्या मैदानाच्या टोकापलीकडे एवढ्या अंतरावर एक नारळ ठेवून मुलांना तो शोधायला सांगावा. पाण्यातील माणसाचे डोके तेवढेच दिसते, आणि मध्ये तीन मीटरची लाट असेल तर तेवढेही नाही. एकट्या खलाशाच्या बाबतीत तर परत वळायला नावेवर कोणी नसतेच. म्हणून डेकवर येण्याआधी अंगावरच्या पट्ट्याचा दोर नावेला अडकवायचा, हा नियम शांत हवेतही पाळतात. 1979 मध्ये काही पट्ट्यांचे आकडेच तुटले. आजचे आकडे अधिक मजबूत आहेत ते त्यामुळे. शीड आखडण्याचेही असेच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील जोर चौपट होतो. अजून थोडे पाहू, असे म्हणणाऱ्याला नंतर ते काम चौपट जोराविरुद्ध करावे लागते. आपल्या कोळ्यांनी हा हिशेब पंचांगात बांधून ठेवला आहे: नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या.

भीमेच्या काठी मात्र असे पंचांग नाही. दौंडच्या खाली उजनीचे पाणी मैलोगणती पसरले आहे. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहत काठाला लागला, सहा जण गेले. मे महिन्यातील वळवाचे विज्ञान येथे महत्त्वाचे आहे. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाफ होऊन उडतो, त्याने हवा थंड व जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हा झोत पावसाच्या पुढे धावतो. तापलेल्या दुपारनंतर आभाळ काळवंडून अचानक गार वारा आला, की पाण्यावर असणाऱ्याला फार थोडी मिनिटे मिळतात. विस्तीर्ण पण उथळ पाण्यावर या वाऱ्याने आखूड, तीव्र उताराच्या लाटा उठतात. त्यांत कमी काठाची होडी भरायला वेळ लागत नाही. होडीत हवाबंद कप्पे नसतील आणि वर इंजिनाचे वजन असेल, तर भरलेली होडी तळाला जाते आणि धरून राहायलाही काही उरत नाही.

राहता राहिले तरंगण्याचे जाकीट. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते, म्हणून त्याला वर ठेवायला लागणारा जास्तीचा जोर थोडा असतो. आडोशाच्या पाण्यासाठी 100 न्यूटन आणि खुल्या समुद्रासाठी 150 न्यूटन, अशी जाकिटांची प्रतवारी आहे. साधारण 10 व 15 किलो वजनाइतका हा जोर. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधतात तो सुका भोपळा किंवा डबाही हेच काम करतो, पण पाठीवर. पोहणाऱ्याला ते चालते. बेशुद्ध माणसाला मात्र तो डबा तोंडघशी पालथा करील. म्हणून जाकिटाचा फुगीर भाग छातीवर आणि मानेमागे असतो. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा डबा पाण्याखाली पूर्ण दाबून ठेवायला सुमारे 50 न्यूटन जोर लागतो. जाकिटाची बरोबरी तो करणार नाही. पण शाळेच्या हौदात तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला, तर 150 न्यूटन म्हणजे असे तीन डबे, हे मुलांच्या हातांना कळेल.