अथांगाचा थांग : नौका, प्रतिध्वनी आणि कॉड

'थांग लागणे' हा वाक्प्रचार शिकवताना आम्ही आजवर त्याचा लाक्षणिक अर्थच सांगत आलो. मनाचा थांग लागत नाही, राजकारणाचा थांग लागत नाही, अशी दोन वाक्ये फळ्यावर लिहायची आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचे. थांग म्हणजे पाण्याचा तळ, आणि तो लागतो की नाही यावर कोणाचे तरी पोट व प्रसंगी प्राण अवलंबून असतात, ही गोष्ट वर्गात कधी जाणवली नाही. ती जाणवली रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात. तिथल्या एका तांडेलाने आम्हांला आपल्या नौकेतून बंदराबाहेर थोडी फेरी मारून आणली आणि केबिनमधला एक छोटा पडदा दाखवला. पडद्यावर खाली जाड तांबडा पट्टा, वर निळाई आणि मधे नखाच्या कोरीसारख्या दोन-चार कमानी. "हे मासे का?" आम्ही विचारले. "मासे नव्हेत सर, माशांची खूण," तो म्हणाला. "मासा जाळ्यात आला की मासा."

खूण आणि मासा यांतला हा भेद त्याने सहज सांगून टाकला. परंतु याच भेदाचा विसर पडल्यामुळे उत्तर अटलांटिकच्या काठी एक अख्खे जग कसे मोडले, हे पुढे वाचनात आले, आणि तो इतिहास मराठीत मांडावा असे वाटले.

या खुणेचा इतिहास माशापासून सुरू होत नाही, तो हिमनगापासून सुरू होतो. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे बुडाली. त्यानंतर आठवडाभरातच ल्युइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात तीच कल्पना पाण्याखालच्या ध्वनीला लावली. जर्मनीत कील येथे अलेक्झांडर बेम हाही हिमनगाच्याच मागे होता. बर्फाकडून मनाजोगता प्रतिध्वनी मिळेना, समुद्राच्या तळाकडून मात्र तो चांगला मिळे. तेव्हा १९१३ साली त्याने पेटंट घेतले ते खोली मोजण्याच्या यंत्राचे. शोधायला गेला बर्फ, हाती लागला थांग! रेजिनाल्ड फेसेंडन याने २७ एप्रिल १९१४ रोजी 'मायामी' या अमेरिकी सरकारी जहाजावरून केलेल्या प्रयोगात दोन्ही साधले. सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी त्याला मिळाला आणि खालून तळाचाही मिळाला. हा प्रयोग झाला न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेस असलेल्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रपठाराजवळ. चार शतकांहून अधिक काळ युरोपला कॉड मासा पुरवणारे पाणी ते हेच. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुन्हा तिथेच यायचे आहे.

तोपर्यंत थांग घेण्याची रीत जगभर जवळजवळ एकच होती. दोरीच्या टोकाला शिशाचे वजन बांधायचे, ते सोडायचे आणि किती वाव दोरी गेली ते मोजायचे. युरोपातील खलाशी शिशाच्या बुडाला चरबी लावत. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे तिला चिकटून वर येत. जाणता कप्तान ते बोटांत चोळून आपण कुठे आहोत आणि इथे कोणता मासा असेल, हे सांगे. म्हणजे दोरी केवळ आकडा देत नव्हती, तळाचा नमुनाही देत होती. ध्वनी मात्र आकडाच देतो. खाऱ्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणून दीडशे मीटर खोलीवरून परत यायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. दोरीला लागणारी मिनिटे वाचली, हे खरे. बोटांना कळणारे काही त्यात गळून गेले, हेही खरे.

तळाच्या रेषेच्या वर मधेच काही खुणा उमटतात, हे या यंत्रांच्या नोंदी पाहणाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांतल्या काहींनी तो यंत्राचा दोष मानला, काहींनी मानला नाही. रोनाल्ड बॉल्स हा हेरिंग पकडणारा इंग्रज कप्तान मानणाऱ्यांपैकी नव्हता. १९३० नंतरच्या दशकात तो यंत्राच्या खुणा आणि जाळ्यातली मासळी यांचा मेळ घालत राहिला. नॉर्वेत १९३५ साली ओस्कर सुंड या शास्त्रज्ञाने लोफोटेन बेटांजवळच्या कॉडच्या थव्याचा आलेखच प्रसिद्ध केला. पाण्याच्या एका ठरावीक खोलीवर मासा थर करून राहतो, हे त्या कागदावर प्रथमच दिसले. आम्हांला बॉल्सचे अधिक अप्रूप वाटते. सुंडपाशी संशोधनाचे जहाज होते, बॉल्सपाशी रोजच्या पोटापाण्याची नौका. चुकीची जागा निवडली तर त्याची ती रात्र फुकट जाणार होती.

माशाकडून प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे. मांस आणि पाणी यांत ध्वनीला फारसा फरक जाणवत नाही, हवेवरून मात्र तो जोराने परततो. म्हणून ज्या माशाला ही पिशवी नाही तो मोठा असूनही फिका दिसतो, आणि तळाला चिकटून राहणारा मासा तळाच्याच रेषेत विरून जातो. युद्धानंतर जपानमध्ये नागासाकी प्रांतातील फुरुनो बंधूंनी नौदलाच्या जुन्या खोलीमापक यंत्रांवर प्रयोग करून १९४८ साली व्यवहारात चालेल असे मत्स्यशोधक यंत्र तयार केले. त्याचे मूळ एका कोळ्याच्या बोलण्यात होते असे सांगतात. जिथे बुडबुडे वर येतात तिथे खाली मासा असतो, हे ते बोलणे. आरंभी तिथल्या मच्छीमारांचा यंत्रावर विश्वास बसेना, आणि त्यात नवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप पाहून जाळे टाकणाऱ्याला विजेच्या पेटीने शिकवावे, हे सहज पचणारे नव्हते.

यंत्र आले तसा नौका निवडण्याचा विचारही बदलला. पूर्वी नौका निवडत ती लाटा, वारा, किनारा आणि मासा पाहून. ग्रँड बँक्सवर जाणाऱ्या शिडांच्या जहाजांवर 'डोरी' नावाच्या सपाट तळाच्या होड्या असत. आतल्या बैठकीच्या फळ्या काढल्या की त्या वाडग्यांसारख्या एकीत एक बसत. भर समुद्रात त्या खाली सोडायच्या आणि एकेका होडीत एक-दोन माणसांनी गळ टाकायचे. धुक्यात जहाज न सापडलेल्या डोरींच्या कथा त्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. यंत्राला मात्र वेगळीच नौका हवी असते. ध्वनी सोडणारा भाग नौकेच्या तळाशी अशा जागी बसवावा लागतो की त्याखालून बुडबुडे जाऊ नयेत आणि इंजिनाचा व पंख्याचा गोंगाट त्याच्या कानी पडू नये. लाकडी नौकेला त्यासाठी भोक पाडावे लागते, फायबरच्या भरीव तळातून ध्वनी आरपार जातो, ॲल्युमिनियमच्या लहान नौकेत तो भाग बहुधा मागच्या फळीला टांगतात. वरच्या पट्टीचा ध्वनी उथळ पाण्यात बारीक तपशील देतो, खालच्या पट्टीचा खोलवर जातो पण ढोबळ दिसतो. तेव्हा कोणत्या पाण्यात जायचे हे ठरल्यावाचून यंत्र ठरत नाही, आणि यंत्र ठरले की नौकेचा आकार, इंजिन व कर्ज ही ठरल्यासारखीच.

गोठलेल्या सरोवरावर तर नौकाच नसते. अमेरिकेच्या मिनेसोटासारख्या राज्यांत हिवाळ्यात लोक बर्फाला गिरमिटाने भोक पाडून मासे धरतात. लाउरन्स कुटुंबाने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हौशी मच्छीमारांसाठी उचलून नेता येईल अशी पेटी काढली होती. पुढे तशाच फिरत्या दिव्याच्या तबकड्या बर्फावर आल्या, आणि १९८० नंतर डेव्ह गेन्झ यांच्यासारख्यांनी घसरगाडीवरचा तंबू आणि अशी तबकडी घेऊन भोकामागून भोक पालथे घालण्याची रीत रूढ केली. पारदर्शक बर्फावर थोडे पाणी ओतून यंत्राचे टोक टेकवले, तर भोक पाडण्याआधीच खोली कळते. मिरकरवाड्याच्या पडद्यावरची कमान इथे मात्र दिसत नाही. नौका माशावरून पुढे जाते तेव्हा अंतर आधी कमी आणि मग जास्त होते, त्यातून कमान उमटते. कमान ही माशाची आकृती नसून नौकेच्या गतीची आहे! बर्फावर यंत्र स्थिर असते, म्हणून तिथे मासा हलतो तेवढीच रेषा हलते. पाहणारा कुठे उभा आहे, हे खुणेतच मिसळलेले असते.

आता न्यूफाउंडलंड. १९५४ साली 'फेअरट्री' हे ब्रिटिश जहाज ग्रँड बँक्सवर आले. लांबी २८० फूट. देवमासे वर ओढण्याच्या जहाजांसारखा मागून उतार, पोटात मासा सोलण्याची यंत्रे व गोठवणगृह, आणि सुकाणूघरात प्रतिध्वनीयंत्र. पाठोपाठ सोव्हिएत, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज जहाजे आली. ही जहाजे हिवाळ्यातही, बर्फाच्या कडेला, कॉड अंडी घालण्यासाठी एकवटतो तिथे जाऊ शकत. १९६८ साली उत्तरेकडील कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली आणि मग कोसळू लागली. १९७७ साली कॅनडाने दोनशे मैलांची हद्द जाहीर करून परकीयांना बाहेर काढले, आणि त्यांची जागा कॅनडाच्याच मोठ्या जहाजांनी घेतली.

किनाऱ्यालगतचा मच्छीमार मात्र लहान नौकेतच राहिला. परवान्याच्या वर्गांत लांबीला ३५ आणि ६५ फुटांच्या मर्यादा होत्या, त्यामुळे तिथे लांबीने आखूड पण रुंद आणि उंच, बेढब नौका बांधल्या जाऊ लागल्या. कायद्याने नौकेचा आकार असा घडवावा, ही एक वेगळीच करुण गंमत. असो. हा मच्छीमार माशाच्या मागे जात नव्हता. उन्हाळ्यात कॅपलिन हा लहान मासा किनाऱ्याशी अंडी घालायला येई, त्यामागून कॉड येई, आणि याची चौकोनी खोलीसारखी जाळी वाट पाहत असत. त्याच्यापाशी येणारा मासा होता, मोठ्या जहाजापाशी गाठलेला. १९८० नंतर येणारा मासा कमी झाला आणि लहान झाला. तो हे सांगत राहिला. १९८६ साली किनारी मच्छीमारांच्या संघटनेने विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी अंदाजांची तपासणी करून घेतली, आणि साठा फुगवून मोजला जात असल्याचा निष्कर्ष पुढे आला. पण सरकारी गणितात मोठ्या जहाजांच्या दर तासाच्या पकडीला वजन होते, आणि ती पकड घटत नव्हती.

का घटत नव्हती? मासा कमी होतो तसा उरलेला मासा थोड्या जागेत दाटीने गोळा होतो, आणि यंत्र असलेले जहाज नेमके तिथेच जाऊन उभे राहते. १९९० च्या वसंतात जॉर्ज रोझ या शास्त्रज्ञाने बोनाविस्टा पट्ट्यात प्रतिध्वनीयंत्रावर कॉडचा प्रचंड थवा पाहिला. ती नोंद खोटी नव्हती. मासा खरोखरच तिथे होता, फक्त इतरत्र फारसा उरला नव्हता. यंत्राने विचारलेल्या जागेचे उत्तर दिले, आणि ते साऱ्या समुद्राचे उत्तर म्हणून वाचले गेले. आम्ही साहित्याचे विद्यार्थी, संहितेचा एक उतारा वाचून ग्रंथावर मत देण्याची खोड आम्हांलाही आहे. पण त्यात कोणाची चूल विझत नाही.

दोष केवळ यंत्राला किंवा शास्त्रज्ञांना देणे अन्यायाचे होईल. १९८९ साली शास्त्रज्ञांनी आपली चूक ओळखली आणि १,२५,००० टनांची मर्यादा सुचवली. मंत्र्यांनी २,३५,००० टन ठरवली, कारण कारखाने बंद पडण्याची भीती होती. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉसबी यांनी उत्तरेकडील कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. ते स्वतः न्यूफाउंडलंडचे. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी बत्तीस वर्षे टिकली. गावे ओस पडली, तरुण पश्चिमेकडे तेलाच्या कामाला गेले, आणि एका बोलीतले नौकांचे, जाळ्यांचे, वाऱ्यांचे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी उरले.

जून २०२४ मध्ये कॅनडा सरकारने बंदी उठवून १८,००० टनांची मर्यादा घातली. किनारी मच्छीमारांच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला, तो मोठ्या जहाजांना पुन्हा प्रवेश देण्यावर. आपल्याकडे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौका यांच्यातला वाद आम्ही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचतो. २०१६ साली महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तो मिटलेला नाही. न्यूफाउंडलंड वाचल्यावर त्या बातम्या आम्ही निराळ्या नजरेने वाचू लागलो.

मिरकरवाड्याच्या त्या तांडेलाला निघताना आम्ही विचारले होते, पडदा नसता तर काय केले असते? त्याने इंजिन बंद केले, नौका थोडी वाहू दिली, आणि काही वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वडील असेच थांबायचे. मला तेवढा वेळ परवडत नाही. डिझेल जळतं." आणि इंजिन पुन्हा सुरू केले.