एका डब्यात दोन साउंड कार्डं

एका कॉम्प्युटरला दोन साउंड कार्डं कशाला, असं आज कुणीही विचारेल. पण १९९० च्या आसपास हौशी गेमवाल्यांना ती लागायची. १९८७ साली आलेलं रोलंडचं एमटी-३२ संगीत झकास वाजवायचं, पण रेकॉर्ड केलेलं बोलणं त्याला जमत नसे. ते काम १९८९ च्या साउंड ब्लास्टरचं. म्हणून एमटी-३२ ला जोडणारं एक कार्ड आणि शेजारी साउंड ब्लास्टर!

तेव्हाचं भांडण जागेचं होतं. आयएसए बसवर दोन कार्डांना एकच इंटरप्ट नंबर सहसा चालत नसे. नंबर धडकले की डबा उघडा आणि जंपर हलवा. पुढे पीसीआय आणि विंडोज ९५ चं प्लग अँड प्ले आलं, आणि हे भांडण बरंचसं मिटलं.

उरलं ते वेळेचं. प्रत्येक कार्डाचा क्रिस्टल वेगळा. दोन्ही म्हणणार सेकंदाला ४८,००० नमुने, पण त्यात दशलक्षात ५० चा जरी फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद हुकतात. एका कार्डावर गायक आणि दुसऱ्यावर तबला घेतलात, तर मैफल संपेपर्यंत सम गेलीच म्हणा.

स्टुडिओवाले यासाठी वर्डक्लॉकची केबल जोडतात. नाहीतर सॉफ्टवेअर एका कार्डाचे नमुने सतत ताणत-आवळत बसतं. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना वाटतं, सगळं कोडने सुटतं. मला यातून कळलं ते एवढंच: दोघांनी मिळून वाजवायचं तर घड्याळ एकाचंच मानावं लागतं.