लस पोचली, पण जिवंत?

१८०० साली ‘क्वीन’ नावाच्या जहाजातून देवीची लस हिंदुस्थानकडे निघाली होती. ब्राझीलच्या किनाऱ्याशी जहाज पेटले आणि लसही गेली. एडवर्ड जेन्नरचा शोध जगापुढे येऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती, आणि इथेही देवीने माणसे मरत होती. जहाज वाचले असते तरी फारसे काही साधले नसते म्हणा. लंडन ते मुंबई हा प्रवास कित्येक महिन्यांचा, आणि दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवलेला लशीचा द्रव उष्ण कटिबंधात काही आठवड्यांतच निकामी होई. पेटी पोचायची, आतली लस मात्र मेलेली असायची.

तोडगा निघाला तो व्हिएन्नाच्या डॉक्टर जाँ द कारोकडून. त्याने लोम्बार्डीतून मिळालेली लस निवडली. धाग्यांचा पुंजका लशीच्या द्रवात भिजवून दोन काचांमध्ये ठेवला आणि काचा वितळलेल्या मेणात पुन्हा पुन्हा बुडवून त्यांचा घट्ट गोळा बनवला. कॉन्स्टँटिनोपलमार्गे खुश्कीने हा गोळा १८०२च्या मार्चअखेर बगदादला पोचला, तेव्हा आतला द्रव अजून ओला होता. तिथे मुलांना टोचून लस ताजी केली. पुढे बसरा, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई.

मुंबईतही बऱ्याच मुलांना टोचून पाहिले. लस उठली एकाच मुलीला. ॲना डस्टहॉल ही तीन वर्षांची मुलगी, आणि तारीख १४ जून १८०२. आठवड्याभराने तिच्या दंडावरच्या फोडातून द्रव काढून आणखी काही मुलांना टोचले गेले. तिथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास आणि सिंहलद्वीपापर्यंत गेली. म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानातला सगळा साठा काही दिवस एका लहान मुलीच्या हातावर होता. बालमिसच्या स्पॅनिश मोहिमेने पुढच्याच वर्षी बावीस अनाथ मुले जहाजात घालून अमेरिकेला नेली, त्यामागची युक्ती हीच होती. त्या मुलांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

दंडावरून दंडावर चालणारी ही पद्धत कागदावर सोपी दिसते. आठव्या दिवशी फोड पिकला की नवे मूल हजर पाहिजे. ते नाही मिळाले तर साखळी संपली. पण आपल्या लेकराच्या फोडातला द्रव दुसऱ्यासाठी काढू द्यायला आई-बाप तयार नसत. मुलाला दुखे, आणि परक्याच्या अंगातले पाणी आपल्या मुलाच्या रक्तात जाणार हा जातीपातीचा आणि विटाळाचा प्रश्न तर होताच. उपदंशासारखे रोग असे पसरतात ही भीतीही निराधार नव्हती. उन्हाळ्यात लस धरेनाशी झाली की काम थंडावे, म्हणून देवी काढायचा हंगाम मुख्यतः थंडीचा.

मुंबई इलाख्यात १८२७च्या सुमारास पगारी, फिरते देवी काढणारे नेमले गेले आणि त्यांच्यावर युरोपीय देखरेख बसवली. या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग तपासणीचा होता. टोचणारा नोंद करून पुढच्या गावी गेला, तरी देखरेख करणाऱ्याने मुलाचा हात प्रत्यक्ष पाहायचा आणि फोड उठला आहे की नाही ते ठरवायचे. नोंदवहीतला आकडा टोचणाऱ्याच्या मेहनतीचा. लस जिवंत होती की नाही याची साक्ष मुलाच्या दंडावर. पुरवठ्याची खरी मोजणी शेवटच्या टोकाला करायची हे तेव्हाच उमगले होते, आणि पुढे दीडशे वर्षे सोयीस्करपणे विसरलेही गेले.

वासरांवर लस तयार करायची पद्धत रुळली तशी दंडांची साखळी सुटली. वासराच्या किंवा रेडकाच्या पोटाची कातडी भादरून, ओरखडून लस टोचायची, काही दिवसांनी तिथला लगदा खरवडून ग्लिसरीनमध्ये मिसळायचा. बेळगावला अशी लस बनवणारी सरकारी संस्था उभी राहिली. आता पुरवठा एका ठिकाणाहून होऊ लागला खरा. पण ग्लिसरीनमधली लस उन्हात लवकर विरते. बेळगावहून निघालेली कुपी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीने, मग माणसाच्या झोळीतून जाणार. तिचे काय झाले हे कुणालाच कळायचे नाही.

१९५०च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कोलिअरने गोठवून वाळवलेली लस टिकाऊ कशी करावी याचा मार्ग शोधला. ३७ अंश सेल्सिअसला महिनाभर ठेवूनही ती पुरेशी सशक्त राहते. भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो मात्र आधी जुन्या ओल्या लशीवरच. पुढे सोव्हिएत संघाकडून वाळवलेली लस मोठ्या प्रमाणावर भेट आली, आणि पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद व बेळगाव या चार ठिकाणी ती देशात बनू लागली.

आकडे तोवर मोठे गोड दिसत होते. लोकसंख्येच्या बहुतेक भागाला टोचले, असे अहवाल सांगत. तरी साथी थांबेनात. कारण साधे होते. उद्दिष्ट भरायचे तर शाळेतली मुले हाताशी असतात. त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले, आणि झोपडपट्टीतले, भटके, नुकतेच जन्मलेले राहून गेले. प्रत्यक्ष घराघरांत जाऊन हातावरचे व्रण पाहिल्यावरच हा घोटाळा उघड झाला. लशीचीही तीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतले नमुने तपासायला घेतले, तेव्हा कितीतरी नमुने कमकुवत निघाले. परीक्षा होती कोंबडीच्या अंड्यात: गर्भाभोवतीच्या पडद्यावर लस टाकायची आणि किती ठिपके उठतात ते मोजायचे. टोरांटो आणि नेदरलँड्समधल्या बिल्टहोवन इथल्या प्रयोगशाळांकडे ही राखण होती.

साठ्याचा हिशेबही बदलला. दोन टोकांच्या सुईने एका माणसाला लागणारी लस जवळजवळ एक चतुर्थांशावर आणली. सरसकट टोचण्याऐवजी रुग्ण शोधून त्याच्याभोवतीचे सगळे टोचून काढायचे, हा मार्ग पुढे आला. १९७५च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

पण वाळवून लस टिकाऊ करायचा हा धडा सगळ्या लशींना तसाच्या तसा लागू पडला नाही. पोलिओची तोंडी लस उन्हात फार नाजूक. १९८५च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमापासून प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फाचे अस्तर असलेली शीतपेटी आली. वीज गेली तरी ती गारवा धरून ठेवते. १९९६पासून पोलिओ लशीच्या बाटल्यांवर उष्णता मोजणारा छोटा ठिपका लागू लागला. बाहेरचे वर्तुळ गडद, आतला चौकोन फिका. उष्णता साठत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाला आला की बाटली फेकायची. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना शेवटच्या उपकेंद्रावरच्या परिचारिकेला कुणाला विचारावे लागते. २०१५पासून इ-विन या मोबाइलवर चालणाऱ्या व्यवस्थेत साठा आणि शीतपेट्यांचे तापमान नोंदले जाऊ लागले. तापमान बिघडले की संदेश जातो.

तरीही एक गोष्ट या ठिपक्याला दिसत नाही, ती म्हणजे थंडी. हिपॅटायटिस बी किंवा पंचगुणी लस उन्हापेक्षा गोठण्याने जास्त बिघडते, आणि ती गोठते आपल्याच काळजीमुळे: बर्फाचा गठ्ठा थेट फ्रीझरमधून काढून पेटीत ठेवला, किंवा बाटल्या शीतपेटीच्या गार भिंतीला चिकटून राहिल्या की. ठिपका तसाच फिका, बाटली बाहेरून निर्दोष. अशा वेळी हलवून पाहायची परीक्षा करतात. त्याच लशीची दुसरी बाटली मुद्दाम गोठवायची, वितळवायची, दोन्ही बाटल्या हातात धरून जोरात हलवायच्या आणि शेजारी ठेवायच्या. गोठलेलीचा गाळ लवकर तळाशी बसतो. संशयित बाटलीतलाही तितक्याच लवकर बसला, तर ती बाद.